डिस्क खराब की कंट्रोलर? सर्व्हरच्या स्टोरेज कंट्रोलरमधला बिघाड शोधण्याची रीत

रेड ॲरेमधून, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या संचातून, एक डिस्क बाहेर पडते. नवी बसवली, तिच्यावर डेटा पुन्हा उभा करणारा रीबिल्ड सुरू झाला, आणि निम्म्या वाटेवर दुसरीच डिस्क गायब. काढून ठेवलेली जुनी डिस्क वेगळ्या मशीनला लावून पाहिली तर ठणठणीत. असं घडलं की डिस्क बदलत बसणं तिथल्या तिथे थांबवा. कंट्रोलर, म्हणजे डिस्क सर्व्हरला जोडणारं कार्ड, बिघडतो तेव्हा तो स्वतःच्या नावाने क्वचितच तक्रार करतो. त्याच्या मागे लावलेल्या डिस्क मरताना दिसतात, कधी एकेक करून तर कधी एकदम. अशा वेळी ‘मेलेली’ डिस्क बदलून पुन्हा रीबिल्ड लावणं म्हणजे बेभरवशाच्या कार्डाकडून सगळा डेटा नव्याने लिहून घेणं. त्यात उरलासुरला ॲरेही जातो.

या लेखात कार्डाबरोबर त्याचा सगळा रस्ता धरला आहे: मदरबोर्डवरचा पीसीआयई स्लॉट, कार्डावरची चिप आणि तिच्या आतला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर, केबल, डिस्क ज्यात खोचतात तो बॅकप्लेन, एका जोडणीवर अनेक डिस्क घेणारा एक्सपांडर, डिस्कचा वीजपुरवठा आणि ड्रायव्हर. यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून लक्षणं सारखीच दिसतात, म्हणून तपासही एकत्रच करावा लागतो. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत. विंडोजचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलं आहे.

पहिलं काम: लिहिणं थांबवा

शंका आली की सर्वात आधी त्या ॲरेवर होणारं लिखाण बंद करा. डेटाबेस थांबवा, ठरलेल्या वेळी चालणारी कामं बंद करा, फाइल सिस्टिम फक्त वाचनासाठी माउंट करा. चालू असलेला स्क्रब, कन्सिस्टन्सी चेक, पेट्रोल रीड अशा सगळ्या डिस्क वाचून पाहणाऱ्या तपासण्या थांबवा. झेडएफएस या फाइल सिस्टिमचा स्क्रब मध्येच रोखून ठेवता येतो. तिचा पूल, म्हणजे डिस्कचा संच, फारच डळमळीत असेल तर तो एक्सपोर्ट करून नंतर फक्त-वाचन स्थितीत इम्पोर्ट करा. एमडी रेडमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, रीबिल्ड चालू असेल तर ‘सिंक ॲक्शन’ फाइलमध्ये ‘फ्रोझन’ लिहून तो थोपवता येतो. ॲरे आधीच अपुऱ्या डिस्कवर चालत असताना रीबिल्ड थांबवायला मन धजत नाही, हे खरं. पण कार्डावरच संशय असेल तर थांबवणंच बरं, असं माझं ठाम मत आहे. रीबिल्ड म्हणजे सगळ्या डिस्कवर एकाच वेळी तासन्‌तास भार, आणि आजारी कंट्रोलर नेमका अशा भाराखालीच कोसळतो.

मग बॅकअप पाहा. बॅकअप ‘झाला’ असं कळवणारा संदेश पुरेसा नाही; दोन-चार फाइली परत आणून उघडून बघा. बॅकअप नसेल किंवा जुना असेल तर याच क्षणी, सर्वात मोलाचा डेटा आधी, असा उतरवून घ्या. वेग मुद्दाम कमी ठेवा. फाइली उतरवणाऱ्या आरसिंक या कमांडला वेगमर्यादा घालता येते, आणि हळू वाचताना जो कंट्रोलर तासन्‌तास टिकतो तोच पूर्ण वेगात दहा मिनिटांत रिसेट होऊ शकतो.

चार गोष्टी या टप्प्यावर अजिबात करायच्या नाहीत. रेड कार्डाच्या मेनूमधलं ‘इनिशियलाइज’ दाबायचं नाही. ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ दिसलं तर ‘क्लिअर’ करायचं नाही. एमडी रेडच्या एमडीॲडम या कमांडने ॲरे नव्याने ‘क्रिएट’ करायचा नाही. आणि फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा एफएससीके चालवायचा नाही. एफएससीके डिस्कवरून जे वाचतो त्यावर विश्वास ठेवून बदल करतो. वाचलेलंच चुकीचं असेल तर तो चांगला डेटाही ‘दुरुस्त’ करून टाकतो.

दुसरं काम: रीबूटआधी पुरावा गोळा करा

रीबूट केल्यावर सगळं सुरळीत चालू लागतं आणि पुरावा पुसला जातो, हा या बिघाडांचा नेहमीचा अनुभव. म्हणून आधी हे सगळं उतरवून दुसऱ्या मशीनवर ठेवा: कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, पूर्ण लॉग, मागच्या बूटचा लॉग जर्नलमध्ये असेल तर तोही, स्लॉटमधली कार्डं दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’चं सविस्तर आउटपुट, डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद (स्मार्ट) वाचणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’चा प्रत्येक डिस्कसाठी सर्वात सविस्तर अहवाल, आणि रेड कार्ड असेल तर त्याचा स्वतःचा इव्हेंट लॉग व कॉन्फिगरेशन. ब्रॉडकॉमच्या, म्हणजे पूर्वीच्या एलएसआयच्या, कार्डांना स्टोअरसीएलआय लागतं, डेलच्या पर्कला पर्कसीएलआय, एचपीईच्या स्मार्ट ॲरेला एसएसएसीएलआय, आणि ॲडाप्टेकला आर्ककॉन्फ. रेड कार्डामागच्या डिस्क थेट दिसत नाहीत; मेगारेड कार्ड असेल तर स्मार्टसीटीएलला ‘मेगारेड’ हा डिव्हाइस प्रकार आणि डिस्कचा क्रमांक द्यावा लागतो, मग आतला अहवाल मिळतो.

ऑपरेटिंग सिस्टिम त्याच कंट्रोलरवर असेल तर एक मोठी अडचण येते. कंट्रोलर पडला की लॉग लिहायलाच जागा उरत नाही, आणि जर्नल नेमकं त्या क्षणाआधी तुटलेलं दिसतं. त्यावर इलाज म्हणजे लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवणं. सिसलॉग चालेल, त्याहून चांगलं नेटकन्सोल, कारण ते कर्नलमधूनच थेट संदेश पाठवतं, मधे डिस्क लागत नाही. बिघाड अधूनमधून होणारा असेल तर ही व्यवस्था आजच लावा. पुढच्या वेळी पडेल तेव्हा तरी कारण हातात येईल.

डिस्कची नोंद सिरीयल नंबरने करा, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ या नावांनी नाही. रिसेटनंतर ही अक्षरं अदलाबदल होतात आणि भलतीच डिस्क ओढली जाते. ‘बाय-आयडी’ फोल्डरातली नावं वापरा, आणि ट्रेच्या दर्शनी बाजूला सिरीयल नंबरचे शेवटचे चार अंक चिकटवा.

विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये चार क्रमांक शोधा. १२९ म्हणजे डिव्हाइसला रिसेट पाठवला. १५३ म्हणजे एखादं वाचन-लेखन पुन्हा करून पाहावं लागलं. ११ म्हणजे ड्रायव्हरला कंट्रोलरवर त्रुटी आढळली. ७ म्हणजे खराब ब्लॉक. नुसते ७ दिसत असतील तर बहुधा डिस्क. १२९ आणि १५३ वेगवेगळ्या डिस्कवर विखुरलेले असतील तर मधल्या रस्त्यात गडबड.

लॉग जवळून वाचायचा कसा

साटा डिस्कचा एक नमुना घेऊ. कर्नल लॉगमध्ये ‘एटीए३’ या पोर्टवर ‘एक्सेप्शन’ आणि शेवटी ‘फ्रोझन’ असा शब्द येतो. पाठोपाठ ‘फेल्ड कमांड: राइट एफपीडीएमए क्यूड’ अशा एक किंवा अनेक ओळी, मग ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, आणि काही सेकंदांनी ‘साटा लिंक अप’ व पुढे वेग. सुरुवातीला ६ गिगाबिट असलेला वेग इथे ३ किंवा १.५ वर आलेला दिसला तर ती फार बोलकी खूण आहे. वारंवार त्रुटी आल्यामुळे कर्नलने स्वतःहून वेग उतरवला, म्हणजे सिग्नल नीट पोहोचत नव्हता. डिस्कच्या तबकडीवर ओरखडा असेल तर लिंकचा वेग कमी व्हायचं काही कारण नसतं.

त्याच ठिकाणी कंसात त्रुटीचा प्रकार लिहिलेला असतो, आणि सगळ्यात मोठा फरक तिथे कळतो. ‘यूएनसी’ असेल तर डिस्कला स्वतःच्या पृष्ठभागावरून ते सेक्टर वाचता आलं नाही, दोष डिस्कचा. ‘आयसीआरसी’ असेल तर डेटा वाटेत खराब झाला. दोष केबलचा, कनेक्टरचा, बॅकप्लेनचा किंवा कंट्रोलरच्या पोर्टचा. या एका अक्षरगटाकडे न पाहता बदललेल्या चांगल्या डिस्क जगभरात किती असतील याची कल्पना करवत नाही.

सॅस या सर्व्हरमधल्या जोडणीच्या कार्डांवर, म्हणजे ‘एमपीटी३सॅस’ ड्रायव्हर असलेल्या एचबीएवर (स्वतः रेड न करता डिस्क नुसत्या जोडणारं कार्ड), लॉगची चाल वेगळी असते. एखादी कमांड वेळेत पूर्ण झाली नाही की कर्नल पायरी पायरीने वर चढतो: आधी ती कमांड रद्द करायचा प्रयत्न, मग त्या डिव्हाइसचा रिसेट, मग टार्गेटचा, आणि शेवटी अख्ख्या कार्डाचा. होस्ट रिसेट झाला की त्या कार्डावरच्या सगळ्याच डिस्क काही काळ गप्प होतात. म्हणजे एका आजारी डिस्कपायी आठ डिस्क एकदम गेल्यासारख्या दिसू शकतात. म्हणून लॉग खालून वर वाचत जा आणि पहिली त्रुटी कोणाची ते शोधा. दर वेळी सुरुवात त्याच एका डिस्कपासून होत असेल तर कार्डाला दोष देण्याआधी ती डिस्क काढून बघा. सुरुवात दर वेळी वेगळ्या डिस्कपासून होत असेल, किंवा कार्ड ‘फॉल्ट स्टेट’मध्ये गेल्याचं लिहिलं असेल, तर कार्डाचं फर्मवेअरच कोसळलं आहे.

कागदावर तक्ता: या डिस्कमध्ये समान काय?

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि तपासाचा कणा आहे. एका कागदावर प्रत्येक डिस्कसाठी सिरीयल नंबर, मॉडेल, फर्मवेअर, चालू तास, ट्रे क्रमांक, कोणत्या केबलवर, कोणत्या कार्डाच्या कोणत्या पोर्टवर, कोणत्या वीजवायरीवर, हे लिहा. मग त्रुटी आलेल्या डिस्कवर खूण करा आणि कोणता रकाना सगळ्यांत सारखा आहे ते पाहा.

एसएफएफ-८०८७ किंवा एसएफएफ-८६४३ या एका केबलमध्ये चार लेन असतात. त्रुटी नेमक्या एका चौकडीत असतील तर ती केबल किंवा कार्डाचा तो पोर्ट. एकाच वीजवायरीवरच्या डिस्क असतील तर वीज. एकाच ट्रेमध्ये कोणतीही डिस्क लावली तरी त्रास होत असेल तर बॅकप्लेनचा तो कनेक्टर. सगळ्याच डिस्कवर असेल तर कार्ड, स्लॉट, एक्सपांडर, उष्णता किंवा पॉवर सप्लाय.

मॉडेल आणि फर्मवेअरचे रकाने मात्र वगळू नका. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं की तिच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर फर्मवेअरमधल्या चुकीमुळे निकामी होतात. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या एसएसडी एकाच सुमारास गेल्या तर कोणालाही कंट्रोलर गेला असंच वाटेल. २०२० मध्ये दुसरी गोष्ट उघड झाली: वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (लाल या अर्थाचं नाव, ॲरेचा रेड नव्हे) मालिकेतल्या काही डिस्क शिंगल्ड, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या एसएमआर पद्धतीच्या होत्या. अशा डिस्क रीबिल्डच्या सलग लिखाणात इतक्या मंदावतात की ॲरे त्यांना मेलेलं समजून बाहेर काढतो. इथे डिस्कही धड, कंट्रोलरही धड. जोडी मात्र जमत नाही.

याच जातीचा आणखी एक, फार वेळा दिसणारा प्रकार. डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर लागलं की ती मिनिटभराहून अधिक वेळ ते वाचायची खटपट करत राहते. लिनक्स मात्र कमांडसाठी मुळात ३० सेकंदच थांबतो, विंडोज ६०. वेळ संपली की रिसेट, आणि डिस्क बाहेर. उपाय दोन आहेत. डिस्क एससीटी ईआरसी (खटपटीला वेळेची मर्यादा घालणारी सोय) मानत असेल तर स्मार्टसीटीएलने वाचन आणि लेखन दोन्हींसाठी ७० हे मूल्य द्या. ते सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, त्यामुळे ते बूटच्या वेळी लागेल अशी सोय करा. डिस्क ते मानत नसेल तर कर्नलची मर्यादा त्या डिस्कपुरती १८० सेकंदांपर्यंत वाढवा.

आकड्यांत काय पाहायचं

स्मार्ट अहवालातले ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात: बदललेली सेक्टरं, लटकलेली सेक्टरं, दुरुस्त न होणारी सेक्टरं. १९९ हा सीआरसी त्रुटींचा आकडा रस्त्याबद्दल बोलतो. १९९ वाढतो आहे आणि बाकीचे तिन्ही शून्य आहेत, तर डिस्क निर्दोष धरून पुढे चला. पण १९९ कधीच शून्यावर येत नाही. तो डिस्कच्या आयुष्यभराचा हिशेब आहे. म्हणून आज ४० आहे यावरून काही ठरत नाही. आज आणि उद्या यांतला फरक बघा.

सॅस डिस्क आणि एक्सपांडरमध्ये हे काम प्रत्येक फायचे, म्हणजे जोडणीच्या एकेका टोकावरच्या सर्किटचे, काउंटर करतात: इनव्हॅलिड डीवर्ड, रनिंग डिस्पॅरिटी, डीवर्ड सिंक गमावणं आणि फाय रिसेट. लिनक्समध्ये ‘सॅस फाय’ वर्गाखाली ते थेट वाचता येतात. डिस्क लावता-काढताना थोडे वाढतातच, त्याची चिंता नको. स्थिर चालणाऱ्या सर्व्हरवर, भाराखाली एकाच फायचा आकडा चढत असेल तर दोषाची जागा जवळजवळ सापडली.

झेडएफएस असेल तर पूलच्या स्थितीतले तीन रकाने वेगवेगळे वाचा. ‘रीड’ आणि ‘राइट’ म्हणजे डिव्हाइसने काम नाकारलं. ‘चेकसम’ म्हणजे डिव्हाइसने काम केल्याचं सांगितलं, पण दिलेला डेटा चुकीचा निघाला. चेकसम त्रुटी बऱ्याच डिस्कवर साधारण सारख्या प्रमाणात पसरल्या असतील तर कार्डाबरोबर रॅमही तपासा. हा गुपचूप चुकीचा डेटा देण्याचा प्रकार काल्पनिक नाही. सर्नमध्ये २००७ साली डेटाच्या अचूकतेची पाहणी झाली, तेव्हा ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत खराब झालेला डेटा सापडला, आणि त्याचा संबंध डिस्कचं फर्मवेअर व थ्रीवेअर रेड कंट्रोलर यांच्या न जुळण्याशी लागला. दोघांपैकी कोणीही त्रुटी कळवली नव्हती. चेकसम ठेवणारी फाइल सिस्टिम वापरा असा आग्रह मी धरतो तो याचसाठी.

पेटी उघडल्यावर

सर्व्हर बंद करून वीज काढा आणि हातात अँटिस्टॅटिक पट्टा घाला. पहिली नजर केबलवर. एसएफएफ-८०८७ च्या टोकाला धातूची छोटी खिट्टी असते. ती बसल्याचा ‘टक’ आवाज आणि हलका झटका जाणवला पाहिजे. बाहेरून पूर्ण बसल्यासारखी दिसणारी केबल खिट्टी न लागल्यामुळे एका बाजूने केसभर वर राहिलेली असते, आणि पंख्यांच्या कंपनाने दिवसातून एखाद्या वेळी संपर्क सोडते. केबल काढून सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग आहेत का बघा. तीव्र वळण दिलेली, इतर वायरींबरोबर आवळून बांधलेली केबल सरळ बदला. केबलची दुरुस्ती करत बसू नये. साटा केबलची कमाल लांबी १ मीटर आहे, आणि बॅकप्लेनमधून जाणाऱ्या जोडणीत तर त्याहून कमीच ठेवावी.

वीज. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. एका मोलेक्स टोकाला स्प्लिटर, त्याला पुन्हा स्प्लिटर, अशी साखळी लावून सहा-आठ डिस्क चालवल्या असतील तर भाराखाली व्होल्टेज खाली जातं आणि डिस्क एकत्र रिसेट होतात. लॉगमध्ये हे हुबेहूब कंट्रोलरच्या बिघाडासारखं दिसतं. खूण अशी की डिस्कचा स्टार्ट-स्टॉपचा किंवा वीज चालू-बंद झाल्याचा स्मार्ट आकडा सर्व्हर रीबूट न होताही वाढलेला असतो. आणखी एक: नवीन डिस्क अजिबात फिरतच नसेल तर साटा वीज कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट येतंय का बघा. नव्या मानकात ती पिन डिस्क बंद ठेवायला वापरतात.

उष्णता हे माझ्या मते सर्वात दुर्लक्षित कारण. सॅस एचबीए आणि रेड कार्डं सर्व्हरच्या सक्तीच्या वाऱ्यासाठी बनवलेली असतात. बऱ्याच कार्डांना मिनिटाला २०० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर वेगाचा वारा लागतो. तीच कार्डं टॉवर पेटीत, शांत पंख्यांसोबत बसवली की हीटसिंकला बोट टेकवत नाही. रीबिल्ड, स्क्रब किंवा रात्रीचा बॅकअप सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी पडणारं आणि थंड झाल्यावर पुन्हा नीट चालणारं कार्ड बहुधा उष्णतेनेच पडतं. नव्या कार्डांत स्टोअरसीएलआय चिपचं तापमान दाखवतं. काही जुन्या कार्डांत ती सोयच नाही. हीटसिंक काढून पाहा: खालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असेल तर पुसून नवी लावा, आणि हीटसिंकवर थेट वारा घालणारा छोटा पंखा बसवा. एवढ्यानेच कित्येक ‘मेलेली’ कार्डं पुन्हा नीट चालतात.

स्लॉट आणि पीसीआयई

एलएसपीसीआयच्या सविस्तर अहवालात कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष जोडणी अशा दोन ओळी असतात. सॅस२००८ चिपचं कार्ड ५ गिगाट्रान्सफर आणि ८ लेनवर, सॅस३००८ चं ८ गिगाट्रान्सफर आणि ८ लेनवर दिसलं पाहिजे. लेन कमी दिसल्या तर आधी मदरबोर्डची पुस्तिका बघा, कारण लांबीला आठ लेनचा दिसणारा स्लॉट आतून चारचाच असू शकतो. तसं नसेल तर कार्ड काढून कडेच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुन्हा घट्ट बसवा, स्क्रू लावा. लॉगमध्ये ‘पीसीआयई बस एरर’ सतत येत असतील तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये, शक्यतो थेट प्रोसेसरला जोडलेल्या स्लॉटमध्ये हलवा. त्रुटी स्लॉटबरोबर राहिल्या की कार्डाबरोबर गेल्या, यावरून दोषी ठरतो.

वीजबचतीच्या सोयी सर्व्हरवर बंदच ठेवाव्यात. एएसपीएम (पीसीआयई जोडणीची वीजबचत) कर्नल पॅरामीटरने बंद करता येतं, आणि साटा लिंकचं धोरण ‘मॅक्स परफॉर्मन्स’ ठेवता येतं. मार्व्हेलच्या ८८एसई९१ आणि ९२ मालिकेतल्या काही चिपचा आयओएमएमयूशी, म्हणजे कार्डांना मेमरीच्या ठरलेल्या भागापुरतं बांधून ठेवणाऱ्या हार्डवेअरशी, खटका उडतो, हे जुनं ठाऊक असलेलं दुखणं आहे. लॉगमध्ये ‘डीएमएआर’ फॉल्ट दिसले तर आयओएमएमयू बंद करून बघा. आणि साटा पोर्ट मल्टिप्लायरवर (एका साटा पोर्टवर अनेक डिस्क लावणारा भाग) ॲरे उभा असेल तर तो तिथून हलवा. एका डिस्कची त्रुटी पाचही डिस्कना खाली खेचते. त्यावर तपास करण्यात अर्थ नाही.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर

बिघाड नेमका कर्नल बदलल्यानंतर सुरू झाला असेल तर जुन्या कर्नलवर बूट करून पाहणं ही पाच मिनिटांची चाचणी आहे. आधी ती करा. फर्मवेअरच्या बाबतीत ‘सर्वात नवं तेच उत्तम’ हा नियम नेहमी चालत नाही. एलएसआयच्या सॅस२००८ कार्डांसाठी आलेली पी२० मालिकेतली सुरुवातीची आवृत्ती त्रासदायक ठरली, आणि त्याच मालिकेतली २०.००.०७.०० ही नंतर भरवशाची मानली गेली. आकडा ‘पी२०’ एवढाच पाहून निश्चिंत होऊ नका, शेवटचे अंक वाचा.

कार्डावर नवं फर्मवेअर चढवण्याआधी, म्हणजे फ्लॅश करण्याआधी, कार्डाचा सॅस ॲड्रेस लिहून ठेवा. तो कार्डावरच्या स्टिकरवरही असतो. डिस्क सोडवून ठेवा. जुनं फर्मवेअर पुसल्यावर नवं चढेपर्यंत रीबूट करायचं नाही. एनसीक्यूवर, म्हणजे डिस्कला एकाच वेळी अनेक कमांड देण्याच्या सोयीवर, संशय असेल तर त्या डिस्कची क्यू डेप्थ १ करून पाहा: त्रुटी थांबल्या तर रोग फर्मवेअरमध्ये आहे हे कळतं. तो कायमचा उपाय नव्हे.

कॅश आणि बॅटरी

ॲरे पडत नाही, पण लिखाण अचानक फार मंद झालं, तर रेड कार्डाची बॅटरी बघा. बॅटरी उतरली किंवा लर्न सायकलमध्ये (बॅटरीची क्षमता तपासण्याची फेरी) असली की कार्ड राइट-बॅक (लिखाण आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (लिखाण थेट डिस्कवर) येतं. हे बरोबरच आहे, कारण वीज गेली तर कॅशमधला डेटा वाचवायला कोणी नसतं. इथे ‘ऑलवेज राइट-बॅक’ लावून वेग परत मिळवायचा मोह होतो. तो करू नका, बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर बदला. फुगलेली बॅटरी दिसली तर सर्व्हर त्याच दिवशी बंद करून ती काढा. आणि बूटच्या वेळी ‘प्रिझर्व्ह्ड कॅश’बद्दल प्रश्न आला तर ‘डिस्कार्ड’ दाबण्याआधी हरवलेल्या डिस्क परत जोडून पाहा, कारण त्या कॅशमध्ये डिस्कवर न पोचलेलं शेवटचं लिखाण असतं.

अदलाबदल: एका वेळी एकच गोष्ट

आता संशय दोन-तीन जागांवर आला असेल. नियम एकच: एका वेळी एक बदल, लगेच नोंद, मग भार. आधी डिस्क दोन ट्रेंमध्ये अदलाबदल करा. त्रुटी सिरीयल नंबरबरोबर गेली तर डिस्क. ट्रेमध्ये राहिली तर पुढे चला. मग दोन केबलींची कार्डाकडची टोकं आपसांत अदलाबदल करा. त्रुटी दुसऱ्या चौकडीत गेली तर कार्डाचा पोर्ट. जिथल्या तिथे राहिली तर केबल किंवा बॅकप्लेन. मग केबल नवी. मग कार्ड. केबल, कार्ड आणि फर्मवेअर एकाच दुपारी बदलून प्रश्न सुटला तर तो खरंच सुटला की लपला, हे कधीच कळत नाही. हार्डवेअर रेडवर ट्रेची अदलाबदल करण्याआधी ते कार्ड डिस्कची जागा बदललेली ओळखतं का, हे मात्र पुस्तिकेत बघून घ्या.

भार देण्यासाठी सगळ्या डिस्क एकाच वेळी पूर्ण वाचायला लावा. भार देणारं एफआयओ फक्त-वाचन स्थितीत चालवा. खराब सेक्टरं शोधणारं बॅडब्लॉक्स मुळात नुसतं वाचतंच, पण त्याचा लिहिण्याचा पर्याय सगळा डेटा पुसतो, तेव्हा कमांड दोनदा वाचा. एकेक डिस्क वाचून काही सापडलं नाही म्हणून कार्ड निर्दोष ठरवू नका. एका डिस्कचा भार कार्डाला जाणवतही नाही.

कार्ड बदलताना

सॉफ्टवेअर रेड आणि साधं एचबीए असेल तर काम सोपं: दुसरं कोणतंही चांगलं एचबीए लावा, ॲरेची माहिती डिस्कवरच असते. हार्डवेअर रेड असेल तर त्याच कुटुंबातलं कार्ड, फर्मवेअर जुन्याएवढं किंवा त्याहून नवं. डिस्क जोडल्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ दिसेल. आधी ‘प्रिव्ह्यू’ बघा, सगळ्या डिस्क आणि ॲरेचा आकार बरोबर असेल तरच ‘इम्पोर्ट’. एखादी डिस्क बरीच आधी बाहेर पडली असेल तर तिच्यावरचा डेटा शिळा आहे. ती इम्पोर्टआधी बाजूला ठेवा.

एमडी रेडमध्ये अनेक डिस्क एकदम बाहेर पडल्या असतील तर प्रत्येक डिस्कवर नोंदलेला इव्हेंट काउंट (ॲरेतल्या बदलांचा आकडा) वाचा. आकडे जवळजवळ असतील तर सक्तीने असेंबल केल्यावर ॲरे बहुतेक वेळा उभा राहतो. मात्र ते थेट डिस्कवर करण्याऐवजी डिव्हाइस मॅपरचे स्नॅपशॉट वर टाकून करून बघा, म्हणजे लिखाण डिस्कवर न जाता वेगळ्या जागी जातं. चूक झाली तर मूळ डिस्क अस्पर्श राहतात. ज्या डिस्कवर खरोखरच खराब सेक्टरं आहेत तिची आधी खराब डिस्कची नक्कल काढणाऱ्या डीडीरेस्क्यूने, मॅप फाइल ठेवून, नक्कल काढा आणि पुढचं काम नकलेवर करा.

ॲरे उभा राहिला की लगेच सगळं सुरू करू नका. आधी फक्त वाचनासाठी माउंट करून बॅकअप पूर्ण करा. मग स्क्रब किंवा चेक, आणि तो चालू असताना १९९ चा आकडा, फाय काउंटर आणि कार्डाचं तापमान दर काही मिनिटांनी फाइलमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट. स्क्रब स्वच्छ निघाला, आकडे हलले नाहीत, तेव्हा लिखाण सुरू. ती स्क्रिप्ट काढून टाकू नका. आकडा वाढला की मेल येईल एवढं तिला जोडा.

काढलेल्या जुन्या कार्डावर तारीख आणि लक्षण लिहून पट्टी चिकटवा. सुट्या भागांच्या खणात ते विनाचिठ्ठी गेलं तर पुढच्या अडचणीत कोणीतरी तेच ‘स्पेअर’ म्हणून दुसऱ्या सर्व्हरमध्ये बसवेल.